उभ्या गाडीचे ब्रेक

आमच्या गाडीचे ब्रेक मीच बघते. नवरा बोटीवर असतो, आणि शाळेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईला पाना धरता येतो यावर सासऱ्यांचा विश्वास बसायला बरीच वर्षं लागली.

सोमवारी पेडल मऊ लागलं. ब्रेक ऑइल काळं पडलं होतं. ते बदललं, हवा काढली, नवे पॅड घातले. दुसऱ्या सकाळी गॅरेजमध्ये करपल्याचा वास होता. गाडी हललेली नव्हती, तरी पुढची डावी डिस्क हात लावू देईना.

मी पॅड काढून घरात आणून ठेवले. बुधवारी डिस्क पुन्हा तापलेली. घासायला तिथे काहीच नव्हतं.

शनिवारी सासूबाईंना घाटाखालच्या कोटोर शहरातल्या इस्पितळातून आणायचं होतं.

"ही गाडी नाही न्यायची, बाबा."

"मग गाढवावरून आणू तुझ्या सासूला?" सासरे गाव्रो म्हणाले. "मिलुन नेतोय मला."

शेजारचे मिलुन आपल्या गाडीतूनच ओरडले, "चल रे गाव्रो. उतार फुकटचा आहे."

इथे सगळे तसंच करतात. माथ्यावर गाडी न्यूट्रलला टाकायची, पेट्रोल वाचवायचं, आणि अख्खा घाट ब्रेकवर उतरायचा.

"मिलुनकाका, दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. ब्रेक तापले की ऑइल उकळतं, मग पेडल दाबून काही होत नाही."

"मास्तरीणबाई, माझे ब्रेक तुझ्या जन्माआधीपासून तापताहेत."

दोघं हसत गेले.

काही वेळाने मी गॅरेजमध्ये पॅड बसवायला गेले. चालकाच्या सीटवर टेकले, तेव्हा ब्रेकचं पेडल खाली गेलं. माझा पाय त्यावर नव्हता. ते वर आलं, पुन्हा गेलं; या वेळी तळापर्यंत. मग भराभर, वरखाली.

ब्रेक लागेनासे झाले की माणूस असंच करतो.

मी क्लच दाबला आणि उजव्या हाताशी असलेला गिअरचा दांडा धरला; इथे स्टिअरिंग डावीकडे असतं. तो दुसऱ्यात जाईना. कुणीतरी घट्ट धरून ठेवल्यासारखा. मी दोन्ही हातांनी रेटला.

गेला.

पेडल थांबलं.

बऱ्याच वेळाने फोन वाजला. डाव्या हाताने उचलला.

"थांबलो," गाव्रो म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "कठड्याला घासून. गिअर आपोआप पडला, पोरी."

"आणि मिलुनकाका?"

"बसलाय. डोळे उघडे आहेत, पण बोलत नाही." ते थांबले. "दांड्यावरची त्याची मूठ सुटत नाहीये."

माझा उजवा हात अजून दांड्यावरच होता. तळव्याखाली पाच बोटं होती. ती हळूहळू गार पडत होती.