कोमट पिशवी

शिबिरात जमलेलं रक्त तपासून, मांडून झालं, तरी ओ निगेटिव्हच्या कप्प्यात एकच पिशवी होती. रक्तपेढीचा साठा सांभाळणं म्हणजे तारेवरची कसरत. जास्त ठेवलं तर मुदत संपून फेकावं लागतं, कमी ठेवलं तर लोक हात जोडून दारात उभे. जुन्या पिशव्या पुढे, नव्या मागे लावताना मी ती एकुलती पिशवी उचलली आणि चपापले. कोमट होती.

"मावशी, ही बाहेर राहिली होती का?"

"नाही बाई. सकाळपासून फ्रीज तुम्हीच उघडताय," फरशी पुसता पुसता मावशी म्हणाल्या.

शेजारच्या पिशव्या गारठलेल्या. मी ती फ्रीजच्या मागच्या गार भिंतीला टेकवून ठेवली. जेवून आले, पुन्हा हात लावला. झोपलेल्या माणसाच्या कुशीसारखी ऊब.

नियम सरळ आहे: तापलेलं रक्त फेकायचं. मी ती काढलीही, तेवढ्यात बाळंतपणाच्या वॉर्डातून डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"बाळ ठीक आहे, पण आईचं रक्त थांबत नाहीये. ओ निगेटिव्ह पाठवा."

"एकच आहे. आणि ती खराब असावी."

"दुसरीकडून मागवली तर?"

"दोन तास."

"तेवढा वेळ नाही तिच्याकडे."

मी पिशवी उजेडात धरली. वरचं पाणी स्वच्छ, पिवळसर. नासल्याची एकही खूण नाही. वॉर्डातून आलेल्या तिच्या रक्ताच्या नमुन्याशी जुळणी केली, बिनचूक जुळली. न्यायला त्या बाळंतिणीचा नवरा धावत आला होता. पिशवी हातात घेऊन तो घुटमळला.

"गरम असते का हो?"

"पळा," मी म्हटलं.

बाई वाचली. तरी मला चैन पडेना. रक्त देताना ताप तर नव्हता ना, एवढंच विचारायला मी पिशवीच्या नंबरावरून नोंद काढून रक्तदात्याला फोन लावला. त्याच्या बहिणीनं उचलला.

"ताप? छे हो. उलट दुपारपासून दादाचं अंग गार पडलंय. जेवतोय, हिंडतोय, पण हात लाववत नाही." तिनं आवाज खाली आणला. "आणि सारखं विचारतोय, बाळाला पाजलं का? आमच्या घरात बाळ नाही."

मी जिना चढून वॉर्डात गेले.

बाईच्या गालांवर रंग आला होता. नवरा पाळण्याशी उभा राहून बाळाला थोपटत होता. बाळ भुकेनं कळवळत होतं.

तिनं माझ्याकडे वळून पाहिलं.

"कुणाचं आहे हो हे?" ती सहज म्हणाली. "केव्हाचं रडतंय."