आठव्या ठिकाणचं दूध

नदीकाठची माणसं तिला बाटलीबाई म्हणत. तिच्या कानावर ते आलं होतं आणि त्यात खोटं असं काही नव्हतं. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी अणुवीज केंद्राच्या पर्यावरण प्रयोगशाळेची जीप रिकाम्या बाटल्यांचा खडखडाट करत निघायची आणि दिवस कलताना भरून परतायची. नदीचं पाणी, तळाचा गाळ, दोन-तीन मासे, कुरणातलं गवत, शेतातली माती आणि जिथं गाय असेल तिथलं दूध. अशी चौदा ठिकाणं ठरलेली होती. केंद्रातून नको ते काही बाहेर पडतंय का, हे पाहणं तिचं काम. एकोणीस वर्षांत तसं काही सापडलं नव्हतं. तरीही दर महिन्याला कुणी ना कुणी कुंपणापाशी येऊन विचारायचंच, "काय निघालं हो?"

"काही नाही," ती सांगायची.

विचारणाऱ्याचा विश्वास बसायचा नाही, पण जीव भांड्यात पडायचा.

जीप चालवणारे काका निवृत्तीला टेकले होते. उंच, हाडापेराने मजबूत, आणि बोलण्याला कधी ब्रेक नाही. "मॅडम, एकोणीस वर्षांत आपण दोघांनी अर्धी नदी उपसली," ते म्हणायचे, "उरलेली माझ्यानंतर येईल तो उपसेल." पुढच्या काचेपाशी ठेवलेल्या किरणमापकाला त्यांनी टिकटिक्या असं नाव ठेवलं होतं. तो कायम चालू असे. मिनिटाला वीस-पंचवीस वेळा टिक, कधी सलग दोन, कधी मध्येच पोकळी. भिंतीवरच्या घड्याळासारखा तो आवाज दोघांनाही ऐकू येईनासा झाला होता.

आठवं ठिकाण टेकडीमागच्या वळणावर होतं. तिथून केंद्राचा घुमट दिसत नसे. एक बैठं घर, एक गोठा, एक गाय. मावशी आणि मावशींचे मालक. मालक ओसरीवरच्या लांब बाकावर बसून नदीकडे बघत. बोलणं सगळं मावशींच्या वाट्याला. त्या दुधाचा नमुना भरून देत आणि चहा पाजल्याशिवाय सोडत नसत. बाईंना चहानं पित्त व्हायचं, म्हणून त्यांचा कपही काकाच संपवत. जाताना काकांना घरी न्यायला बाटलीभर दूध मिळे, पण त्यांच्या बायकोला, काकूंना, दूध आवडत नसे, म्हणून तेही काकाच पीत.

उन्हाळ्याच्या शेवटी आठव्या ठिकाणचं गवत मोजणीला लागलं, तेव्हा खोलीत ती एकटी होती. गवत वाळवून, दळून, डब्यात भरून, शिशाच्या जाड भिंतींच्या पेटीत ठेवायचं आणि यंत्राला रात्रभर मोजू द्यायचं. सकाळी पडद्यावर आलेख तयार असतो. त्यात एक टोक हमखास उभं असतं, पोटॅशचं, ज्यातून किरण आपसूक निघत असतात. त्याचा केंद्राशी काही संबंध नाही. पृथ्वी झाली तेव्हापासून ते मातीत आहे. मातीतून गवतात, गवतातून गाईत, गाईतून माणसात. प्रत्येक जिवंत वस्तूच्या आलेखात ते असतंच. नवीन माणसाला शिकवताना ती म्हणायची, "हे दिसलं की समजायचं, डब्यात खरंच काहीतरी आहे."

त्या आलेखात ते टोक नव्हतं. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट होती.

डबा रिकामा ठेवला गेला असं तिला वाटलं. तिनं पेटी उघडली. डबा काठोकाठ भरलेला होता. तिनं दुसरा डबा घेतला, पुन्हा मोजलं. सपाट. मग तिनं खताच्या पोत्यातलं मूठभर पोटॅश ठेवून पाहिलं. पाच मिनिटांत टोक खांबासारखं उभं राहिलं. यंत्रात बिघाड नव्हता. सातव्या ठिकाणचं गवत नेहमीसारखं, नवव्याचंही.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला. "म्हणजे काहीच नाही?"

"काहीच नाही. जे असायलाच हवं तेही नाही."

"अहो, आयुष्यभर आपण याच्यासाठीच तर झटतोय. शोधमर्यादेखाली, असं लिहा."

"साहेब, गवतात पोटॅश नसेल तर गवत उगवणार कसं?"

"उगवलंय ना?" साहेब म्हणाले आणि सही करून मोकळे झाले.

पुढच्या महिन्यात गवताबरोबर मासेही तसेच निघाले. त्याच्या पुढच्या महिन्यात दूध.

त्या मंगळवारी टेकडीचं वळण घेतल्यावर काका मध्येच बोलायचे थांबले. "मॅडम, काहीतरी राहिलंय का आपलं?" त्यांनी विचारलं. "कसलं तरी चुकचुकल्यासारखं होतंय." दोघांनी मागे वळून बाटल्या मोजल्या. सगळ्या होत्या. मग तिच्या लक्षात आलं, टिकटिक्या गप्प होता.

तिनं बॅटरी पाहिली. नवी होती. ती मापक हातात घेऊन आल्या रस्त्यानं मागे चालत गेली. तीस पावलांवर एका दगडापाशी तो पुन्हा बोलू लागला. एक पाऊल पुढे, गप्प. एक पाऊल मागे, टिक, टिक-टिक. ते किरण मातीतून येतात, दगडातून येतात, आकाशातून तर अहोरात्र येत असतात. त्यांना रोखायला शिसं लागतं, तेही हातभर जाडीचं. इथं नुसती हवा होती. ऊन होतं, कुंपण होतं, कुरण नको इतकं हिरवं होतं. तिनं दगडापाशी एक खुंटी ठोकली आणि काकांना जीप खुंटीच्या मागे घ्यायला सांगितली.

कुरणात तिला आणखी एक गोष्ट जाणवली. गवत कापताना जो वास येतो, तो आला नाही. नदीच्या गाळालाही वास नव्हता.

"मावशी, सगळं ठीक ना?" तिनं विचारलं.

"ठीकच म्हणायचं. दुधावर साय धरत नाही हल्ली. आणि भूक म्हणून लागत नाही बघा. पण त्रास काही नाही. यांचे गुडघे दुखायचे ते थांबले." मावशी बोलत बोलत तिला पोचवायला खुंटीच्या पलीकडे, जीपपर्यंत आल्या. बाईंच्या हातात मापक चालू होता आणि टिकटिकत होता. मावशी जवळ आल्या तसा तो थांबला.

बाई हलल्या नाहीत. मावशींनी जीपमध्ये दुधाची बाटली ठेवली, पदर सावरला आणि त्या दोन पावलं मागे सरल्या. टिक. आणखी दोन पावलं. टिक-टिक.

"काय निघालं मग आमच्याकडं?" मावशींनी विचारलं.

तिनं मापक जीपमध्ये ठेवला. "काही नाही, मावशी."

"मग बरंच की."

परतताना तिनं काकांना सांगून टाकलं, तिथलं काही खायचं-प्यायचं नाही. काका हसले. "शुद्ध आहे म्हणताय आणि पिऊ नका म्हणताय. हे म्हणजे जावई चांगला म्हणून मुलगी द्यायची नाही." जोडीला असले आणखी दोन-तीन दाखले दिले. पण हसू पूर्वीसारखं गडगडत आलं नाही. त्या दिवशी उरलेला रस्ता ते न बोलता जीप चालवत होते, आणि टिकटिक्याही केंद्राच्या फाटकापर्यंत गप्पच होता. तिनं तो उचलून मागच्या बाकावर, शक्य तितका दूर ठेवला. तिथं तो चालू झाला.

केंद्रातल्या प्रत्येक माणसाच्या अंगातल्या किरणांची वर्षातून एकदा मोजणी होते. जाड पोलादी भिंतींची लहानशी खोली, त्यात खुर्ची, दहा मिनिटं हलायचं नाही. काकांची पाळी तिनं दोन महिने अलीकडे ओढून घेतली. ते आत बसले, बाहेर ती पडद्यासमोर. दहा मिनिटांनी रेघ जशी सुरू झाली होती तशीच संपली.

"किती आलं?" काकांनी बाहेर येऊन बटणं लावत विचारलं.

"काका, माणसाच्या अंगात थोडं तरी असतंच. दगडातसुद्धा असतं."

"आणि माझ्यात?"

तिनं पडदा त्यांच्याकडे वळवला. काकांनी पडद्याकडे पाहिलं, मग आपल्या तळहातांकडे. "तरीच," ते म्हणाले. तरीच काय, ते त्यांनी सांगितलं नाही. डॉक्टरांनी त्यांना तपासलं. नाडी, रक्तदाब, वजन, रक्त, सगळं तिशीतल्या गड्यासारखं.

तिनं साहेबांकडे आठवं ठिकाण बंद करण्याची मागणी केली, मावशींना आणि मालकांना तिथून हलवायला सांगितलं, दुधाच्या दोन बाटल्या दुसऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवायची परवानगी मागितली. वरच्या कार्यालयातून आठवड्याभरात उत्तर आलं. आठव्या ठिकाणाची आकडेवारी आदर्श असून इतर ठिकाणांनीही तिचा कित्ता गिरवावा, असं त्यात होतं. साहेबांनी ते पत्र चौकटीत घालून भिंतीवर लावलं.

टिकटिक्या जिथं गप्प होई ती हद्द आता खुंटीपासून एकशे चाळीस पावलं पुढे आली होती.

मग एका दुपारी काकूंचा फोन आला. काकू कमी बोलणाऱ्या. "तुम्हाला काही सांगितलं का हो यांनी?" त्यांनी विचारलं.

"कशाबद्दल?"

"नाही, म्हणजे... पूर्वी हे फाटकाशी आले की मला आतून चाहूल लागायची. पंचवीस वर्षांची सवय. आता हे समोर येऊन बसतात आणि मी शोधत असते. परवा दिवा मालवून झोपायला निघाले, तर हे खुर्चीतून म्हणाले, अगं, मी आहे इथं." पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला. "आणि आज सकाळपासून नाहीतच. की आहेत, मला सांगता येत नाही. घरात तीन वेळा फिरून आले."

काका कुठं असतील हे तिला विचार न करता कळलं. तिनं जीपची किल्ली घेतली आणि एकटीच निघाली.

हद्द आता थेट नदीवरच्या पुलापर्यंत आली होती. पुलाच्या अलीकडे टिक-टिक, आणि पहिलं चाक पुलावर चढताच काही नाही. तिथून वळणापर्यंत चार मैल ती एका अशा शांततेतून गेली की इंजिनाचा आवाजही दुसऱ्या कुणाच्या जीपचा वाटत होता.

ऊन लख्ख होतं. कुरणाचं एकही पातं हलत नव्हतं.

बाकावर तिघं बसले होते. मालक, मावशी, काका. तिघांची तोंडं नदीकडे. गाय त्यांच्याशेजारी उभी होती, तिचंही तोंड नदीकडे. नदी वाहत होती, पण काठाशी पाणी दगडांवर आपटत होतं त्याचा आवाज नव्हता.

"काका."

त्यांनी सावकाश मान वळवली. "या मॅडम. बसा." तिघंही एकदम, जराजरासे, एका बाजूला सरकले. बाकावर एका माणसापुरती जागा झाली.

ती उभीच राहिली. "काकू वाट बघतायत."

"हो का?" काका म्हणाले. एखाद्या लांबच्या गावी पाऊस झाल्याचं कुणी सांगावं, तसे म्हणाले.

"तुम्ही चला माझ्याबरोबर."

"इथं बरं वाटतं हो," मावशी म्हणाल्या. "काही टोचत नाही."

तिनं काकांचा दंड धरला. गरम होता, घट्ट होता, माणसाचाच होता. ते लगेच उठले. ओढावं लागलं नाही. ते मुकाट्यानं जीपपाशी आले आणि आयुष्यात पहिल्यांदा चालकाच्या शेजारच्या बाजूनं आत बसले.

तिनं मागे वळून पाहिलं नाही.

पूल आला, गेला. मापक बोलला नाही. ती वाट पाहत होती. फाटा आला, शाळा आली, बाजाराचा रस्ता आला. बावीस मैल टिकटिक्या गप्प होता आणि काका नीट, गुडघ्यांवर हात ठेवून, समोर बघत बसले होते.

"काका, काहीतरी बोला."

"काय बोलू?" त्यांनी खरंच विचारलं.

काकूंचं घर गल्लीच्या टोकाला होतं. दुपार कलली होती, दोऱ्यांवरचे कपडे वाळले होते. तिनं जीप थांबवली, उतरून दुसऱ्या बाजूनं आली, दार उघडलं. काका उतरले. तिनं त्यांचा दंड पुन्हा धरला आणि दोघं पायऱ्या चढून गेले. तिनं कडी वाजवली.

काकूंनी दार उघडलं. डोळे सुजलेले होते. त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरून मागे, जीपकडे, गल्लीच्या तोंडापर्यंत.

"एकट्याच आलात?" त्यांनी विचारलं.

बाईंच्या हातात काकांचा दंड होता.

"अगं," काका म्हणाले.

काकूंनी पायऱ्यांवर उतरून, उन्हाला हात आडवा धरून, रस्त्याकडे आणखी एकदा पाहिलं.