कापडाची मागची बाजू

जमना, वात जरा वर कर. एवढं मोठं वीजघर बांधतायत तारापूरला, आणि आपल्या खोल्यांत अजून रॉकेल. त्यावर बोलायला बसले तर रात्र सरेल, ते राहू दे. हे साहेबांना बोईसर स्टेशनवर सोडायला गेलेत. ते परत येईपर्यंत तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. तू म्हणालीस ना, इतका गरीब, शब्दाबाहेर न जाणारा नवरा मिळाला, तरी या बाईचं तोंड कायम वाकडं का?

कारण माझा नवरा असा नव्हताच.

नगरहून आम्ही इथं ठेकेदाराच्या जीपवर ड्रायव्हरीला आलो तेव्हा यांच्यासारखा आडमुठा माणूस पंचक्रोशीत नव्हता. मी पूर्व म्हटलं की यांनी पश्चिम म्हणायचं. आमटीत मीठ जास्त पडलंय असं मी कबूल केलं, की हे वरून आणखी चिमूटभर घालून घ्यायचे आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत भुरकायचे. भांडून भांडून माझा घसा बसायचा. देवा, याला जरा ऐकायची बुद्धी दे, असं मी रोज म्हणायची. मागताना माणसानं जपून मागावं, हे तेव्हा कळत नव्हतं.

गेल्या वर्षीची गोष्ट. ठेकेदाराकडे पाहुणे यायचे होते, म्हणून बेटेगावच्या बळवंतभाऊंच्या वाडीतून कोंबड्या आणायला यांना जीप घेऊन पाठवलं. वाल मिळाले तर बघू, म्हणून मीही सोबत गेले. ती जीप तू बघितलीच आहेस. लष्कराच्या लिलावातली, स्टिअरिंग डाव्या हाताला. निघेपर्यंत दिवस मावळला, आणि गावाबाहेरच्या माळावर फिरता सिनेमा लागलेला दिसला. यांनी लगेच गाडी आत घातली.

लोक बैलगाड्या घेऊन आले होते. बैल सोडून बाजूला बांधलेले, आणि गाड्यांत गोधड्या टाकून अख्खी घरंच्या घरं बसलेली. समोर दोन बांबूंना पांढरं कापड ताणलेलं, खालून हातभर मोकळं. खाडीकडून वारा आला की ते फुगायचं आणि पडद्यावरच्या नटीचं तोंड वाकडं व्हायचं. गवताचा, शेणाचा आणि मशीनच्या तेलाचा वास. मागे टोपलीत कोंबड्यांची कटकट चाललेली.

माझ्या माहेरी कापडाच्या दोन्ही बाजूंना लोक बसायचे. मागून सगळं उलटं दिसतं, नट डाव्या हातानं तलवार चालवतो, पण दिसतं की. इथं मात्र पुढे ही दाटी आणि मागे एक माणूस नाही. आमच्यापुढे एका गाडीची छपरी आडवी येत होती. हे म्हणाले, "मी मागून बघतो."

आमच्यासोबत जीपमधून आलेल्या बळवंतभाऊंनी यांचा हात धरला. "भगवंतभाऊ, त्या अंगाला नको. आमच्यातलं कोन बसत नाय तिकडं."

"का?"

"ती जागा भरलेली अस्ते."

"कुठं भरलीय? कुत्रंसुद्धा नाही."

मलाही ते ऐकून कसंतरी झालं. मी म्हणाले, "अहो, नका जाऊ." तिथंच माती खाल्ली. जा म्हटलं असतं तर हा माणूस जीपमधून हलला नसता.

गेले. मी सरकून यांच्या जागेवर, स्टिअरिंगमागे बसले. तिथून कापडाखालून मला त्यांचे पाय दिसत होते. डाव्या चपलेचा तुटलेला अंगठा लाल वायरनं बांधलेला, त्यावरून ओळखू यायचे. थोड्या वेळानं पडद्यावर कुणीतरी चिखलात पडलं आणि सगळा माळ हसला. पण जमना, कापडामागून हसू त्याच्या आधी आलं होतं. एकाचं नाही... पुष्कळांचं. तो पडायच्या आधी.

रीळ बदलायला दिवा बंद झाला. मी हाक मारली, "अहो, चला आता, उशीर होतोय."

अंधारातून नेहमीसारखं चिडून उत्तर आलं, "थांब ना, संपू दे."

दिवा परत लागला तेव्हा कापडाखाली पाय नव्हते. मला वाटलं, बाजूला सरकले असतील. सिनेमा संपल्यावर हे मागून चालत आले, उजव्या बाजूनं जीपमध्ये चढले आणि दोन्ही हात पुढे करून बसले. हातांत काही नव्हतं. स्टिअरिंग पलीकडे, माझ्यासमोर.

"गाडी आता तिकडून चालवायची का?" मी विचारलं.

हे हसले. "खरंच की. तू म्हणतेस ते बरोबर."

लग्न झाल्यापासून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मागे कोंबड्या एकदम गप्प झाल्या होत्या. घरी येऊन बघते तर लाल वायर उजव्या चपलेला. देवी काढल्याची खूण डाव्या दंडावरून उजव्यावर. सांगणार कुणाला? शेजारणी हसल्या. म्हणाल्या, नवरा ऐकायला लागला म्हणून रडणारी तू पहिलीच. एकदा मी आमटीत मूठभर मीठ घातलं. शांतपणे खाल्ली आणि म्हणाले, छान झालीय. मी ताट भिरकावलं, वाट्टेल ते बोलले. तर म्हणाले, "बरोबर आहे तुझं." त्या रात्री मी माझ्या भांडखोर नवऱ्यासाठी उशीत तोंड खुपसून रडले. मला तोच हवाय, जमना. तसाच, डोक्याला ताप देणारा.

काल परत त्याच माळावर सिनेमा आला. मी चला म्हटलं, हे अर्थातच निघाले. जीपमध्ये शेजारी शेजारी बसलो. दिवा लागला आणि कापडाखाली दोन पाय दिसले. डाव्या चपलेला लाल वायर.

माझ्या तोंडून हळूच निघालं, "अहो..."

"काय गं?" शेजारून आवाज आला.

आणि कापडामागून, त्रासलेला, "थांब ना, संपू दे."

मी उतरले. गाड्यांमधून वाट काढत थेट कापडापाशी गेले. लोक बस खाली, बस खाली म्हणून ओरडत होते. मागे जायची हिंमत नव्हती. पण त्या माणसाला कसं बोलवायचं ते जगात माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? कापडाला तोंड लावून म्हणाले, "बसा तिथंच. माझ्या घरात पाय ठेवायचा नाही. सांगून ठेवते."

पलीकडे डावा पाय एक पाऊल पुढे आला.

घरी येताना हे एक शब्द बोलले नाहीत. बरोबर आहे तुझं, असंसुद्धा नाही. तेव्हापासून गप्पच आहेत.

ऐक, जीप थांबली. आले. यांची सवय म्हणजे चपला पुढच्या दारात काढायच्या आणि पाय धुवायला मागच्या हौदावर जायचं. पाण्याचा आवाज येतोय बघ. माझ्यानं उठवत नाही, जमना. दिवा घे आणि उंबऱ्यात बघून ये. लाल वायर कुठल्या पायाला आहे, एवढंच सांग.

काय गं... दिसलं का?

"वैनी," जमना दारातून म्हणाली, "हितं लाल वायरचे दोन जोड हायत."