सव्वीस मिलिमीटर

लग्नाचा मुहूर्त बारा पस्तीसचा होता आणि मला फोन आला एक वाजून दहा मिनिटांनी. तोवर माझी बायको गेलेली होती.

संजीवनी नवऱ्या सजवायची. त्या दिवशी टोकावड्याच्या पुढे काळूरामच्या घरी तिचं काम होतं. त्याची थोरली मुलगी रेश्मा नवरी होती. अकराला संजीवनीच्या छातीत कळ आली. तिने गाडी मागितली. गाडी दारातच होती, पण फुलं लावलेली, नवरदेवाला मारुतीच्या देवळातून आणायची. काळूरामने तिला मागच्या खोलीत निजवलं, पंखा लावला आणि दार लोटून घेतलं. लग्नघरात बोभाटा नको म्हणून. अक्षता पडल्यावर दार उघडलं. तासभर आधी आणलं असतं तर कदाचित वाचली असती, असं मुरबाडच्या डॉक्टरांनी मला सांगितलं.

तिच्या डाव्या हाताच्या पाठीवर मरून रंगाचा पट्टा होता. नवरीला लावायच्या आधी ती लिपस्टिकचा रंग तिथे लावून बघायची. बायकांनी खोबरेल लावून घासला. गेला नाही. तशीच तिला नेली.

तेरावं झाल्यावर मी तिची मेकअपची पेटी आवरायला घेतली. मी आसनगावला एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. कुठला माल जुना झाला, कुठला चालेल, हे बघायची सवय आहे. तिच्या हाताखाली शिकलेली प्रेमा मदतीला आली. सतरंजीवर तीन ढीग केले. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. सुकलेलं काजळ, फुटलेले कॉम्पॅक्ट, टिकल्यांची पाकिटं. एका ब्रशमध्ये संजीवनीचा केस अडकला होता, तो मी काढून खिशात ठेवला.

"भाऊजी, ही पावडर सहा वर्षांची हाय. ताईला काय टाकवतच नव्हतं."

"म्हणून तर मी टिकलो," मी म्हणालो. प्रेमा हसली आणि मग रडायला लागली.

प्रत्येक लिपस्टिकवर चिठ्ठी होती, तो रंग ज्या नवरीला लावला तिच्या नावाची. 'रेश्मा' लिहिलेली मरून मी कुठल्याच ढिगात टाकली नाही. पट्टीने मोजली. आतली कांडी सव्वीस मिलिमीटर. वहीत लिहून ठेवलं. मग ती कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली.

श्रावणात कपाट उघडलं. कांडी बावीस भरली. वितळलेली नव्हती. वापरल्यासारखी झिजली होती, एका अंगाला तिरपी. संजीवनीच्या हातात झिजायची तशी.

चार दिवसांनी काळूराम आला. तेराव्याला आला नव्हता. ओट्यावर बसला, चहाला हात लावला नाही. डावा हात टॉवेलात गुंडाळलेला.

"वहिनी लावायच्या तो रंग कशाने जातो?"

त्याने टॉवेल सोडला. हाताच्या पाठीवर मरून पट्टा.

"कधी लागला?"

"चार दिस झाले. सकाळी उठलो तं होता. घासलेट लावलं, चुना लावला. जात नाय."

"गाडी दारात होती ना?"

तो अंगणाकडे बघत राहिला. "अक्षता पडू द्या म्हटलं. लेकीचं लगीन होतं, दादा. तुमी काय केलं असतं?"

रंग कशाने जातो ते मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही, असं मी त्याला म्हणालो. ते खोटं होतं. मला काहीच ठाऊक नव्हतं. पण त्याचं तोंड बघून मला बरं वाटलं.

भातकापणीत काळूराम शेतात पडला. सकाळी अकराच्या सुमारास. माणसं जवळच होती, पण सगळ्यांना वाटलं, बांधाला टेकून निजलाय. जेवायला हाक मारली तेव्हा कळलं. तेव्हा एक वाजून गेला होता. हे प्रेमाने सांगितलं.

मी कपाट उघडलं. चौदा.

त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

घरात मरण झालं की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. काळूरामच्या बायकोने धाकट्या अनिताचं लग्न माघात ठरवलं. काम प्रेमाला दिलं. प्रेमा पेटी मागायला आली, तेव्हा मी पेटी पुसली, कप्पे लावले. मरूनची जागा रिकामी होती. मी कपाट उघडलं आणि ती जागेवर ठेवली. मला कोणी ठेवायला सांगितलं नव्हतं. संजीवनी गेली त्या दिवशी त्या घरात सगळेच होते आणि सगळ्यांनीच अक्षता टाकल्या होत्या, एवढंच माझ्या मनात होतं.

आज सकाळी प्रेमाचा फोन आला. ती काळूरामच्या घरीच होती.

"भाऊजी, ही अनिता गुणाची पोर हाय. ताईची आठवण काढून रडली. त्या दिवशी तिनेच ताईला पाणी पाजलेलं. गाडी आणा, गाडी आणा म्हणून ओरडत होती, तं बापाने कोठीत कोंडली. बहिणीवर अक्षता पण टाकायला भेटल्या नाय तिला."

मी वही ओढून घेतली.

"तिला ताईची मरूनच पायजे. आताच तिच्या हातावर लावून बघितली. काय पक्का रंग हाय, भाऊजी. पुसला तरी जात नाय."

हसत तिने फोन ठेवला.

लग्न उद्या आहे. अनिता अकराला सजायला बसेल.

आता संध्याकाळचे पाच वाजलेत. प्रेमाला काय सांगायचं ते मी दोनदा वहीत लिहिलं, त्या आकड्यांच्या खाली. फोन अजून केलेला नाही.