दस्त्यावरची खूण

ही गोष्ट खरी आहे.

माझ्या तोंडी हे वाक्य फारसं कामाचं नाही, मला ठाऊक आहे. जिल्ह्याच्या पेपरात आयुष्यभर मी लोकांच्या फिरक्या घेतल्या. उद्या मी स्वतःच्या निधनाची बातमी दिली, तरी लोक पुढच्या ओळीतला विनोद शोधतील. पण यात माझा मेव्हणा एंडेलही होता. त्याला खोटं बोलता येत नाही. त्याला तेवढी कल्पनाशक्तीच नाही.

जागा, रशियाच्या सीमेलगत, व्होरू शहराच्या दक्षिणेला, रौगेच्या तळ्यापलीकडे, माझ्या बायकोचं माहेर.

वेळ, पितरांच्या दिवसांतला एक शनिवार. नोव्हेंबर. दुपारचा चहा होतो न होतो तोच बाहेर काळोख.

आमच्याकडे या दिवसांत आवाजाची कामं करत नाहीत. लाकूड फोडायचं नाही, करवत चालवायची नाही, काही घासायचं नाही. गेलेली माणसं घराकडे येत असतात. गोंगाट झाला तर वाट चुकतात म्हणे.

मी हे सगळं मानत नव्हतो.

त्या आठवड्यात एंडेलनं आणि मी मिळून एक जुनी बंदूक घेतली होती. सैन्यानं मोडीत काढलेली. परवाना त्याच्या नावावर, उत्साह माझ्या. ती आली तीच पिवळ्या चिकट ग्रीसमध्ये बुडून. बंदूक कमी, मुरांबा जास्त.

एंडेल भिंग घेऊन बसला.

"हे बघा भावोजी. नळीवर झारच्या काळातलं साल. शेजारी चौकोनात दोन अक्षरं... म्हणजे नंतर फिनलंडच्या सैन्यात. आणि हा चौकोन, मधे तिरपी रेघ... म्हणजे रशियनांच्या हाती लागली, त्यांनी दुरुस्त करून गोदामात टाकली."

"म्हणजे हिनं तीनदा पक्ष बदलला."

"तुमच्या संपादकापेक्षा कमीच."

गोळी सरकवणाऱ्या बोल्टवरचा आकडा नळीच्या आकड्याशी जुळत नव्हता. "दुसरेपणाचं लग्न," मी म्हणालो. एंडेल हसला नाही. त्यानं तेही गंभीरपणे मान्य केलं.

लोखंड त्यानं रॉकेलमध्ये घातलं. नळीतून उकळतं पाणी सोडलं, ती कोरडी केली. प्रश्न होता लाकडी दस्त्याचा. ग्रीस लाकडात पार मुरलेलं.

त्याचा उपाय आमच्याकडे एकच असतो. ताप आला, पाठ धरली, नवराबायकोचं वाजलं... सौनाघर, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवा.

"दस्ता वरच्या बाकावर ठेवू," एंडेल म्हणाला. "घाम येईल तसं ग्रीस बाहेर येईल. पुसत राहायचं. फक्त पुसायचं, भावोजी. लाकूड घासायचं नाही. घासलं की ओळख गेली."

आमचं सौनाघर जुनं आहे. ओंडक्यांचं, धुरानं आतून काळं. माझे सासरे याच बाकावर जन्मले. गेल्यावर त्यांना आंघोळही याच बाकावर घातली. त्या बाकावर आम्ही कुणाची कोण जाणे बंदूक नेऊन निजवली.

दस्त्याला खरंच घाम आला. माणसासारखा, थेंब थेंब.

एंडेल जवसाचं तेल आणायला घराकडे गेला. मी पुसत बसलो.

आणि बोटाला काहीतरी लागलं...

गाल टेकतो त्या जागी. चाकूनं कोरलेली खूण. एक उभी रेघ, तिला खाली फुटलेल्या लहान रेघा. खोल नव्हती. कुणा कंटाळलेल्या शिपायाचा उद्योग असणार, मला वाटलं. एवढं सुंदर लाकूड, आणि त्यावर हे.

एंडेल यायच्या आत साफ करून त्याला चकित करावं, असा विचार आला.

मी दस्ता बाहेरच्या खोलीत आणला. खिशात पॉलिश पेपर होताच.

सर्र... सर्र... सर्र...

लाकूड मऊ झालं होतं. खूण चटकन फिकट झाली. मग गेली.

मी हात थांबवला.

सर्र... सर्र...

आवाज थांबला नाही.

तो बाहेरून येत होता. भिंतीच्या पलीकडून, माझ्या खांद्याच्या उंचीवरून. माझ्यापेक्षा सावकाश. कुणीतरी ओंडक्यावर चाकूनं काहीतरी कोरत असावं, तसा.

"एंडेल?"

आवाज बंद झाला.

थोड्या वेळानं एंडेल आत आला. हातात तेलाची बाटली. चेहऱ्यावर राग.

"काय हो भावोजी, एवढ्या थंडीत बाहेर कशाला उभे होतात? आत चला म्हटलं तर उत्तरसुद्धा नाही."

"मी इथेच आहे केव्हाचा."

"चेष्टा पुरे. टोपी काढून हातात धरून दारात उभे होतात. मी मागून सरपणाच्या ढिगाला वळसा घालून आलो, तेवढ्यात तुम्ही आत आलात."

मी डोक्याला हात लावला. मी टोपी आणलीच नव्हती.

तेवढ्यात दारात पुन्हा पावलं वाजली...

या वेळी ती साल्मे आत्या होती. माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. ऐंशीच्या पुढची, डोळ्यांनी जवळजवळ आंधळी, जिभेनं मुळीच नाही. हातात जवाच्या लापशीचं भांडं. पितरांसाठी.

"काय जावईबापू, आज पाहुण्यांच्या जागेवर बंदूक निजवलीत म्हणे? बायकोनं घराबाहेर काढलं की तुम्हीही निजाल तिथेच."

तिनं दस्ता मागितला. मांडीवर घेतला. लाकडावरून बोटं फिरवायला लागली.

"एल्मारची अशीच होती."

एल्मार तिचा मोठा भाऊ. युद्धात फिनलंडच्या सैन्यात होता. परत आला, रशियन आले, तसा त्यांच्याशी लढायला जंगलात गेला. पुन्हा कुणी त्याला पाहिलं नाही. ना जिवंत, ना मेलेला.

"जाण्याआधी त्यानं बंदुकीवर घराची खूण कोरली होती. कावळ्याचा पाय. आपल्या जाळ्यांवर, बियरच्या मगांवर असायची ना, तीच. इथे, गालापाशी." तिची बोटं नेमकी त्या जागी थांबली. "माझ्या बोटांत आता जीव नाही राहिला. बघून सांगा बरं, आहे का काही?"

माझ्या खिशातला पॉलिश पेपर अजून कोमट होता.

"नाही आत्या," मी म्हणालो. "काहीच नव्हतं."

का बोललो? माहीत नाही. ओरडा बसेल म्हणून असेल. या वयात!

"मग राहिलं," आत्या म्हणाली. "म्हणजे या वर्षीही त्याला बोलवायचं नाही."

"आत्या, ते नव्वदीच्या घरात असतील आता," एंडेल म्हणाला.

"मग? आमच्या घरातली माणसं टिकतात. जावई तेवढे लवकर खंगतात." ती उठली. "ज्याची माती पाहिली नाही, त्याला पितरांत बोलवायचं म्हणजे आपल्या तोंडानं त्याला मारायचं. पक्की खूण मिळू दे, मग बोलवीन. इतकी वर्षं लापशी ढवळताना त्याचं नाव गिळतेय. कधीतरी मोठ्यानं घेऊ दे म्हणते, एवढंच."

तिनं बाकावर लापशी ठेवली. ऊन पाणी, अंगावर मारायची बर्चच्या पानांची जुडी, प्रत्येकाला एक टॉवेल. दार उघडलं आणि एकेक नाव घेऊन हाका मारल्या. आईला. वडिलांना. माझ्या सासऱ्यांना. प्रत्येक नावानंतर तापलेल्या दगडांवर पाणी पडल्यासारखं चर्र... वाजत होतं.

पाणी कुणी टाकत नव्हतं.

नावं संपली. आत्यानं दार ओढलं.

दार लागेना...

अडकलं नव्हतं. पलीकडून कुणीतरी हलक्या हातानं धरून ठेवलं होतं. ओढत नव्हतं. ढकलतही नव्हतं. नुसतं थांबलं होतं.

मग सुटलं.

"लाकूड फुगलंय," आत्या म्हणाली. तिचा आवाज मात्र बदलला होता.

ती गेल्यावर एंडेलनं दस्ता दिव्याखाली धरला. "भावोजी, इथलाच रंग उजळ कसा?"

मी तेलाच्या बाटलीचं बूच काढायला लागलो. त्यानं पुन्हा विचारलं नाही. तसं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

रात्री बर्फ पडलं. सकाळी सौनाघराच्या दारासमोर एवढीशी जागा कोरडी होती. माणूस बराच वेळ उभा राहिला तर पायाखाली राहील तेवढी. तिच्याकडे येणारं पाऊल नव्हतं. जाणारंही नव्हतं.

मी दोन दिवस जेवलो नाही, आणि मग आत्याकडे गेलो. सगळं सांगितलं.

ती रागावेल, लोटा फेकून मारेल असं वाटलं होतं. मी त्याची वाटच पाहत होतो. तिनं हात पुढे केला.

"माझ्या तळव्यावर काढा. किती बोटं होती पायाला?"

"म्हणजे?"

"तीन बोटं म्हणजे आमचं घर. धाकटी पाती वेगळी झाली तेव्हा त्यांनी एक बोट वाढवून घेतलं. त्यांचा ऑस्कारही एल्मारबरोबरच जंगलात गेला होता. तशीच बंदूक घेऊन. तीन असतील तर माझा भाऊ. चार असतील तर ऑस्कार."

मी तिच्या तळव्यावर बोट टेकवलं. उभी रेघ काढली. एक तिरपी. दुसरी. तिसरी...

माझं बोट तिथेच थांबलं.

चौथी होती का? की तो लाकडातलाच चरा होता? मी पाहिलंच नव्हतं नीट. मला ती फक्त घालवायची होती.

"आठवत नाही, आत्या."

तिनं मूठ मिटली. अर्धवट पाय आत घेऊन.

"तीन सांगितलं असतंत तरी मी विश्वास ठेवला असता," ती म्हणाली. "पण नाही सांगितलंत, ते बरं केलंत."

पुढच्या वसंतात ती गेली. एल्मारचं नाव न घेताच.

बंदूक एंडेलच्या कपाटात आहे. तेलपाणी वेळेवर होतं. ती घासलेली जागा मात्र कितीही तेल लावलं तरी दुसऱ्या दिवशी कोरडी असते. लाकूडच तसं असेल.

हाका मारायचं काम आता माझ्याकडे आलं आहे. पितरांच्या दिवसांत मी सौनाघर तापवतो, दार उघडतो, नावं घेतो. दगड चर्र करतात. सकाळी टॉवेल ओले असतात.

आत्याचं नाव मी सगळ्यांच्या आधी घेतो. तिच्या नावाला दगड गप्प राहतात. तिचा टॉवेल कोरडाच असतो.

पहिल्या वर्षी वाटलं, रागावली असेल.

मग गेल्या वर्षी एंडेल घरातून लापशी घेऊन आला. भांडं खाली ठेवलं आणि सहज म्हणाला,

"भावोजी, आत्या बाहेरच का थांबली आहे?"

बोलून गेल्यावर त्याला कळलं तो काय बोलला. भांड्याच्या कडेला धरून तो तसाच वाकून उभा राहिला.

मग म्हणाला, तिच्याबरोबर कुणीतरी होतं. तिनं त्याचा हात धरला होता.

कोण होतं, ते मी विचारलं नाही.

अजूनही विचारलेलं नाही...