चौदा वळणांची नदी

या सहलीतून सेक्रेटरीला मिळण्यासारख्या गोष्टी तीन होत्या. एक, चार दिवसांची सुट्टी. दोन, हाउसबोटीतला खिडकीजवळचा वरचा बिछाना. आणि तीन, 'अखेर हिनेच जमवून आणलं' हे मित्रांच्या तोंडचं वाक्य. पहिल्या दोहोंवाचून तिचं काही अडलं नसतं. तिसऱ्यासाठी मात्र ती अकरा वर्षं थांबली होती.

सेक्रेटरी हे तिचं कॉलेजातलं टोपणनाव. पाच जणांच्या कंपूत याद्या करणारी, तारखा लक्षात ठेवणारी आणि सगळ्यांच्या आधी पोचून वाट बघत बसणारी ती. बाकीचे चौघे, म्हणजे वकीलीण, मास्तर, जुळ्यांची आई आणि ढोल्या, दर भेटीत म्हणायचे, "एकदा नदीवर बोट घेऊन राहायचं हं सगळ्यांनी!" आणि घड्याळात बघून उठायचे. यंदा तिने एकेकाला गाठून होकार काढला आणि एका गुरुवारी दुपारी बोटींच्या कचेरीची पायरी चढली.

पोटापाण्यासाठी ती दात बनवायची. डॉक्टरांनी मापं घ्यायची, आणि प्लास्टर, मेण, बारीक ब्रश घेऊन खोट्याला खऱ्याचा रंग द्यायचा तो हिने. दर गुरुवारी पाचच्या आत तयार काम पुलापलीकडच्या दवाखान्यात पोचवायचं असे. बोटींची कचेरी वाटेवरच होती, असं ती पुढे सगळ्यांना सांगायची. पूल डावीकडे होता आणि कचेरी उजवीकडे, एवढंच.

कचेरीत टेबलामागे एक तरुण सफरचंद खात होता. डावी बाजू सांभाळत, उजवीकडून. तिला बघून त्याने सफरचंद खणात टाकलं आणि हसला.

"बोला, काय हवंय?"

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली... जरा जास्तच वेळ.

"काही लागलंय का मला?" त्याने हनुवटी पुसली.

"वरचा, समोरचा, डावीकडचा," ती म्हणाली. "खोटा आहे."

त्याने ओठ मिटले. मग मिटल्या ओठांतूनच म्हणाला, "आजवर कुणाला कळलं नव्हतं."

"कळलं असणार. बोललं नसेल कुणी." तिने पर्समधून सोळा नमुन्यांची पट्टी काढली. पांढऱ्यापासून पिवळसरापर्यंत ओळीने सोळा दात. ती त्याच्या ओठांशी धरून तिने डोळे बारीक केले. "हसा परत... हं. तुमची छटा ए-तीन. लावलाय ए-दोन. कुणी केला हा उद्योग?"

"तुम्ही बोट बघायला आलायत की मला?"

"बोट," ती म्हणाली. पण पट्टी परत ठेवायला तिला पर्सचं तोंड दोनदा शोधावं लागलं.

धक्क्यावर त्याला सगळे भाचा म्हणायचे, कारण बोटी त्याच्या आत्याच्या होत्या. आत्या आतल्या खोलीत बसे. मधली भिंत फळ्यांची होती आणि आत्याचे कान ठणठणीत होते.

बोट ठरली नंबर सात. दोन खोल्या, सहा बिछाने, बसून चहा पिता येईल एवढं पुढचं डेक. भाच्याने कागदाची एक लांब पट्टी काढली आणि पेन्सिलीने तिच्यावर नदी काढायला घेतली. पाणी कुठे उथळ, बोट रात्री कुठे बांधायची, सगळं नीट लिहून. दोन वळणं झाली आणि त्याने पेन्सिल ठेवली.

"बाकीची नदी?"

"पुढच्या गुरुवारी. घाईत काढली की चुकते." मग त्याने टेबलावरच्या डब्याकडे बोट दाखवलं. "आणि यात काय?"

"एका निवृत्त पोस्टमनची खालची कवळी."

त्याने तो डबा दोन्ही हातांनी, झोपलेलं मांजर उचलावं तसा उचलून तिच्या हातात दिला. ती दवाखान्यात पोचली तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. कवळ्यांचं काम डॉक्टर गुरुवारीच बघायचे, आणि पाचलाच थांबवायचे. पोस्टमन घरी गेले. पुढच्या गुरुवारपर्यंत सूप आणि कुस्करलेलं केळं.

दुसऱ्या गुरुवारी आणखी दोन वळणं झाली. तिसऱ्या आठवड्यात गळती सुरू झाली.

वकीलीणला नेमकी त्याच दिवसांत कोर्टाची तारीख पडली. जुळ्यांपैकी एकाला कांजिण्या आल्या, म्हणजे दुसऱ्याला येणारच. मास्तरला परीक्षेची ड्यूटी लागली. ढोल्याने कारण दिलंच नाही, नुसतं "अगं, घरी... कळतंय ना तुला?" एवढंच. प्रत्येकाने वेगळा फोन केला, आणि प्रत्येकजण शेवटी म्हणाला, "बाकीच्यांना एवढ्यात सांगू नकोस हं, तुटून पडतील माझ्यावर." तिने नाही सांगितलं. पाचव्या गुरुवारपर्यंत सहलीत ती एकटी उरली.

खरं तर कचेरीत जाऊन नाव काढून घ्यायला हवं होतं. ती गेली. जाताना नवा निळा शर्ट घातला, केस दोनदा विंचरले, आणि खुर्चीत बसता बसता म्हणाली, "मास्तरची पाठ दुखते. त्याला खालचा बिछाना हवाय."

"लिहितो," भाचा म्हणाला. "आणि ते तुमचे ढोल्या? घोरतात म्हणाला होतात."

"फार."

"मग त्यांना इंजिनाशेजारी टाकू. दोघांना एकमेकांची सोबत."

"वकीलीणला इंजिनाचा आवाज चालत नाही."

"त्यांना चालतं काय?"

"फारसं काही नाही," ती म्हणाली... आणि दोघं इतकी हसली की आत आत्याची खुर्ची करकरली.

पुढच्या गुरुवारी तिने मास्तरच्या पाठीतला एक मणका सरकवला. त्याच्या पुढच्या गुरुवारी जुळ्यांच्या आईला पाण्याची भीती घातली. हे लोक आता तिला खऱ्यांपेक्षा जास्त आवडू लागले होते. निदान ते फोन करून रद्द तरी करत नव्हते. भीती एकच होती. मित्र नाहीत असं कळलं की या खुर्चीत बसायचं कारण संपलं. दाताची छटा बघायला माणूस दर आठवड्याला येत नाही.

आता दुसरी बाजूही सांगून टाकलेली बरी. तिच्या दुसऱ्या गुरुवारच्या दुसऱ्याच दिवशी कुणा हौशी पाहुण्यांनी नंबर सात पाण्यातल्या एका खुंटावर घातली. तळाच्या पत्र्याला ताटलीएवढं भोक पडलं. बोट ओढून कचेरीमागच्या यार्डात लाकडी ओंडक्यांवर चढवली गेली. त्या तारखांना दुसरी बोट मोकळी नव्हती. त्याच दिवशी फोन करून कळवायचं, असा कचेरीचा नियम होता. भाच्याने फोन उचलला. बोट नाही म्हटलं की ती यायची नाही, हे त्याला रिंग जायच्या आत सुचलं. त्याने फोन ठेवला, आणि पुढच्या गुरुवारी आणखी दोन वळणं काढली.

तर असे दोन शहाणे समोरासमोर बसून, एकाजवळ बोट नसताना आणि दुसरीजवळ माणसं नसताना, कोण कुठे झोपणार हे ठरवत होते. वळणं चौदा झाली. दहाव्यावर एक जुनी गिरणी होती, बाराव्यावर पाण्यात वाकलेली झाडं. "इथे संध्याकाळी बांधायची," तो म्हणायचा, आणि पेन्सिलीचं टोक तिच्या बोटाशेजारी येऊन थांबायचं. दोघांपैकी कुणीच हात मागे घ्यायचं नाही...

आठव्या गुरुवारी दुपारी तिच्या दातांच्या लॅबच्या दारात चौघेही उभे. वकीलीण, मास्तर, जुळ्यांची आई, ढोल्या.

झालं होतं असं. जुळ्यांची आई आणि ढोल्या औषधाच्या दुकानात भेटले. तिने विचारलं, "झाली का बोटीची तयारी?" तो म्हणाला, "मी कुठे जातोय!" ती म्हणाली, "मीपण नाही." दोघांनी उरलेल्या दोघांना फोन लावले. आणि सेक्रेटरी तर कालपर्यंत गुरुवारच्या कचेरीतल्या तयारीच्या गोष्टी सांगत होती!

"बिचारी एकटीच दर गुरुवारी कचेरीत जाऊन बसते," जुळ्यांची आई म्हणाली होती. "वेड लागेल तिला."

"आम्ही येतोय," वकीलीण आता म्हणाली. तिचे डोळे चक्क ओले होते. "कोर्टाची तारीख पुढे ढकलली मी. मास्तरने ड्यूटी बदलून घेतली. पोरं आजीकडे. आण तो फॉर्म, सह्या करतो."

अकरा वर्षांनी ज्या क्षणी आनंदाने उडी मारायची, त्या क्षणी सेक्रेटरीच्या मनात पहिला विचार आला तो असा : आता मास्तरच्या पाठीचं काय सांगायचं?

ती कचेरीत पोचली. पहिल्यांदाच खऱ्या सह्यांची यादी टेबलावर ठेवली. "चौघंही येतायत. पक्कं."

भाचा यादीकडे बघत राहिला. त्याच्या तोंडचा रंग ए-तीनवरून थेट पट्टीच्या पांढऱ्या टोकाला गेला.

"चौघंही?"

"हो. का?"

तो उठला. "चला. बोट दाखवतो."

मागच्या दाराने तो तिला यार्डात घेऊन गेला. नंबर सात ओंडक्यांवर उभी होती, तळाला नवं ठिगळ, बाकी पोटभर गंज. टपावर एक कावळा बसला होता.

"हे... कधी झालं?"

"तुम्ही दुसऱ्यांदा आलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे सहा गुरुवार तुम्ही मला—"

"हो."

"मी अकरा वर्षं थांबलेय या सहलीसाठी! सगळे रजा काढून येतायत! आणि तुम्ही नसलेल्या बोटीचे बिछाने वाटत बसलात?"

तो मान खाली घालून उभा राहिला. ती रागावली होती, आणि या रागावर आपला हक्क किती हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी मिनिटभर तिने तो पुरवून पुरवून वापरला. मग आवाज खाली आला.

"मास्तरची पाठ दुखत नाही."

"काय?"

"ठणठणीत आहे. मास्तर येणारच नव्हता. कुणीच नव्हतं येणार. तीन गुरुवार मी एकटीच होते यादीत."

त्याने वर बघितलं. "आणि तो मणका?"

"मी सरकवला."

तो हसायला लागला. आधी ओठ मिटून, मग ए-दोनसकट. तिलाही हसू आवरेना. तेवढ्यात शिडीजवळून आवाज आला.

"झालं का तुमचं?" आत्या कमरेवर हात ठेवून उभी होती. "पत्रा बसलाय. गंज खरवडून दोन हात रंग दिला की बोट पाण्यात. माणसं नाहीत म्हणून खोळंबलंय. तुमची किती?"

"पाच," सेक्रेटरी म्हणाली.

"सहा," भाचा म्हणाला.

"पण आत्या, इतके दिवस का लागले याला?" त्याने विचारलं.

"लागले? तिसऱ्या गुरुवारी तू दाढी करून आलास ना, तेव्हाच मी यार्डवाल्याला सांगितलं, सावकाश होऊ दे."

सहल ठरल्या तारखेलाच झाली. चौघांना झाला प्रकार सांगितला तेव्हा वकीलीणने दोघांची उलटतपासणी घेतली, आणि निकाल असा दिला की गंज खरवडायची शिक्षा दोघांनी भोगावी, बघायला आम्ही येतो. बघायला आलेल्यांच्या हातात आत्याने खरवडण्या दिल्या. चार दिवस सहाजण अंगावर गंज पाडून घेत होते. रात्री पाच मित्र शिडीने वर चढून, जमिनीपासून आठ फुटांवर, न हलणाऱ्या बोटीत झोपत होते. भाच्याला कचेरीतलं बाकडं होतं. ढोल्या खरंच घोरायचा. मास्तरची पाठ तिसऱ्या दिवशी खरंच धरली.

"बोललीस तसंच झालं की गं!" तो सेक्रेटरीला कण्हत म्हणाला. "दुसरं काही मागायचं होतंस."

चौथ्या दिवशी दुपारी नंबर सात पाण्यात उतरली. सुकाणू आत्याकडे. सेक्रेटरी पुढच्या डेकवर मांडीवर कागदाची नदी पसरून बसली होती. शेजारी भाचा, मध्ये वीतभर जागा सोडून. वारा कागद उडवत होता, म्हणून त्याने एक टोक धरलं होतं. तसं एक टोक धरायला इतकं सरकून बसावं लागत नाही.

आत्याने वाकून कागद बघितला. "हे काय काढलंयस? नऊ वळणांनंतर बंधारा आहे. पुढे बोट जात नाही."

मागे जुळ्यांच्या आईने ढोल्याला कोपर मारलं.

"म्हणजे गिरणी नाही?" सेक्रेटरीने हळूच विचारलं.

"नाही."

"वाकलेली झाडं?"

"नाही." तो पाण्याकडे बघत होता. "पाचव्या गुरुवारी नदी संपली. पण गुरुवार... गुरुवार उरले होते."

तिने कागदाची सुरळी केली. सावकाश, घड्या न पाडता. मधली वीतभर जागा कधी संपली ते दोघांनाही कळलं नाही.

"गिरणी छान काढली होतीस," ती म्हणाली. अहोजाहो त्या वाक्यात गेलं, ते परत आलं नाही.

"येत्या गुरुवारी येशील?"

"कशाला? सहल तर झाली."

"दात... दाताचं बघायचंय. ए-तीन करून दे."

तिने त्याच्याकडे बघितलं, डोळे बारीक करून, पट्टीशिवाय. "तो असाच राहू दे. गर्दीतसुद्धा सापडशील मला."

"आणि गुरुवारी?"

"येईन ना. मी कधी चुकवलाय?"

तर हिशेब असा. चार दिवसांची सुट्टी गंजात गेली. खिडकीजवळचा वरचा बिछाना वकीलीणने बळकावला. आणि 'अखेर जमवून आणलं' हे वाक्य चौघांनी एका सुरात म्हटलं खरं, पण आत्याला उद्देशून. तीनपैकी एकही गोष्ट सेक्रेटरीला मिळाली नाही, आणि तिने त्याबद्दल कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. आत्याला फुकटात बोट रंगवून मिळाली आणि वर भाचेसूनही. मित्रांना हाताला फोड आले, आणि जन्मभर पुरेल असा किस्सा मिळाला.

राहता राहिले पोस्टमन. बसवून बघायला कवळी दर गुरुवारी न्यावी लागे, उशीर झाला की डबा परत; आणि आठपैकी पाच गुरुवारी ती पाचनंतर पोचली. पाच आठवडे जास्तीचं सूप आणि केळं. लग्नाला सेक्रेटरीने त्यांना आग्रहाने बोलावलं आणि अगदी पुढच्या टेबलावर बसवलं. नवरदेव स्वतः वाढायला आला. त्यांनी भाजलेले बदाम दोनदा मागून घेतले, कडाकडा चावून खाल्ले, आणि शेजाऱ्याला म्हणाले, "मुलगी हुशार आहे हो. काम एक नंबर. फक्त हात जरा हळू चालतो."