पालथा अ‍ॅशट्रे

तो नेवेनाच्या कफानेत, त्या छोट्या खानावळीत, आला तेव्हा बाहेर पाऊस होता, पाठीवर अ‍ॅकॉर्डियनची पेटी होती, आणि ओठांत पेटलेली सिगारेट. नेवेनाने एक स्वच्छ अ‍ॅशट्रे उचलून त्याच्यासमोर धरला.

"वा, काय स्वागत!"

"विझवा."

"ही कफाना आहे ना, बाईसाहेब? की दवाखाना?"

"दवाखान्यात सात महिने बाबांच्या उशाशी बसले मी. फरक कळतो मला."

त्याने सिगारेट विझवली. तिने त्यावर दुसरा अ‍ॅशट्रे पालथा घातला आणि दोन्ही उचलून नेले. राख उडून ताटात पडू नये म्हणून बाबा असंच करायचे. मग बाबा दुसरा स्वच्छ अ‍ॅशट्रे टेबलावर ठेवायचे. तेवढं मात्र तिने बंद केलं होतं.

बाबांनी आयुष्यात एकही सिगारेट ओढली नव्हती. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांचा धूर तेवढा ओढला. ते गेल्यावर तिने दारावर धूम्रपानबंदीची पाटी लावली. छोट्या कफानेत ते ठरवायचा हक्क मालकाचा, आणि आता मालक ती होती. ल्युबाकाका, बाबांचे जिवलग मित्र, रागावून सगळ्या मंडळींसह समोरच्या कफानेत जाऊन बसले. नाताळपर्यंत टेबलं अशीच रिकामी राहिली असती, तर कुलूपच लागलं असतं.

तो अ‍ॅकॉर्डियनवाला, वेल्को, मात्र दर शनिवारी वाजवायला येऊ लागला. मध्येच बाहेर वळचणीखाली ओढायचा. ती काचेतून बघायची... बघत नसल्यासारखी.

"आज लवकर आलात आत?"

"बाहेर गारठा आहे."

"अंगात कोट आहे की!"

"कोटाला तुमच्यासारखं रागावता येत नाही."

डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी, वेल्को पेटीतून अ‍ॅकॉर्डियन काढत असताना, ल्युबाकाका मंडळींसह दारात उभे राहिले.

"पोरी, आजपासून परत येतो आम्ही. फक्त ती पाटी काढ. माझा धूर, माझी छाती, माझा हक्क! तुझ्या बापाने कधी अडवलं नाही मला."

नेवेनाने रिकाम्या टेबलांकडे पाहिलं. तिचा हात पाटीकडे गेला...

"वेल्को, तूही ओढतोस. सांग हिला!"

वेल्कोने अ‍ॅकॉर्डियनचा भाता उघडला. एक लांब उसासा निघाला. "हा फाटला तर नवा बसवता येतो, काका. तुमची छाती तुमची, कबूल. पण ही बारा तास इथे उभी असते. हिची छाती कुणाची?"

नेवेनाचा हात खाली आला. "तुम्ही बाबांना आवडायचात, काका, म्हणून त्यांनी अडवलं नाही. मलाही आवडता. म्हणून पाटी राहील."

मंडळींपैकी दोघं पाठ फिरवून गेले. काका उभेच राहिले. मग त्यांनी खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवलं. "भिजलं तर नवं तू आणायचंस!"

त्याच्या शेजारी आणखी चार पाकिटं आली.

दोन गाणी झाल्यावर वेल्को बाहेर गेला. काचेवर टकटक झाली म्हणून ती दारात आली. कट्ट्यावर दोन अ‍ॅशट्रे होते, एकावर एक पालथा, अगदी बाबांच्या पद्धतीने. तिने वरचा उचलला. खाली राख नव्हती, त्याचा लायटर होता.

"सोडली असं म्हणत नाही. खोटं कशाला बोलू? पण इथे उभा असतो ना, तेव्हा सगळं लक्ष आत असतं... तुझ्याकडे."

"तुम्हीचं तू कधी झालं?"

"पहिल्याच दिवशी. मनात."

तिने लायटर एप्रनच्या खिशात टाकला. मान ताठ होती. गाल मात्र ऐकत नव्हते.

"मग आत ये," ती म्हणाली, "आणि दार लाव. गारठा येतोय."